वाट सांगणारी पोथी : ‘स्थानपोथी’ आणि स्पेनची यात्रापुस्तके

मराठी गद्याच्या इतिहासात ‘स्थानपोथी’ला मिळणारी जागा फार थोडी आहे. ‘लीळाचरित्र’, ‘गोविंदप्रभुचरित्र’, ‘स्मृतिस्थळ’, ‘सूत्रपाठ’, ‘दृष्टान्तपाठ’ असा क्रम उरकला, की प्रकरणाच्या शेवटी या पोथीचा उल्लेख येतो आणि ‘भाषिक व भौगोलिक दृष्टीने उपयुक्त ग्रंथ’ असा शेरा मारून लेखक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. साहित्याच्या अभ्यासात ‘उपयुक्त’ हे विशेषण गौरवाचे मानले जात नाही. ज्या ग्रंथाविषयी दुसरे काही सांगण्यासारखे नसते, त्याला आपण उपयुक्त म्हणतो. ‘स्थानपोथी’च्या बाबतीत मात्र हा शब्द अक्षरशः खरा आहे. ती उपयोगासाठीच लिहिली गेली. आजच्या पुस्तकाच्या दुकानातील भाषेत सांगायचे तर ते एक ट्रॅव्हल गाइड आहे, आणि तसेच ते वाचले पाहिजे, असे मला वाटते.

तसे वाचायचे तर शेजारी दुसरे एखादे मार्गदर्शक पुस्तक असावे लागते. त्यासाठी स्पेनची निवड करण्यामागे कारण आहे. युरोपातील प्रवासी-मार्गदर्शकांच्या परंपरेचे मूळ शोधणारे अभ्यासक ज्या ग्रंथापाशी हमखास थांबतात, तो ग्रंथ स्पेनच्याच एका यात्रेचा आहे. दुसरे असे, की स्पॅनिशभाषक देशांशी मराठी वाचकाचा परिचय झाला आहे तो बहुतांशी प्रवासवर्णनांतून. मीना प्रभूंची ‘मेक्सिकोपर्व’ आणि ‘दक्षिणरंग’ ही पुस्तके आपल्याकडील बहुतेक ग्रंथालयांत सापडतात. प्रवासवर्णन आणि मार्गदर्शक यांतला भेद मात्र आपण फारसा तपासलेला नाही. प्रवासवर्णन जो जाऊन आला त्याचे असते. मार्गदर्शक पुस्तक जो जाणार आहे त्याचे असते. पहिल्यात लेखकाचा ‘मी’ जितका ठसठशीत तितके पुस्तक वाचनीय होते. दुसऱ्यात त्या ‘मी’ने बाजूला होऊन वाचकाला वाट मोकळी करून द्यायची असते. या आत्मलोपाचीही एक शैली असते, आणि ती साधणे सोपे नाही.

वायव्य स्पेनमधील गालिसिया प्रांतात सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे येशूचा शिष्य याकोब याची समाधी असल्याची श्रद्धा आहे. बाराव्या शतकात या क्षेत्राकडे सबंध युरोपातून यात्रेकरू पायी येत. त्या काळी याकोबाच्या गौरवार्थ एक मोठा लॅटिन ग्रंथ सिद्ध झाला. पोप कालिक्स्तस दुसरा याचे नाव त्याला प्रतिष्ठेसाठी चिकटवले गेले, म्हणून त्याला ‘कोडेक्स कालिक्स्तिनुस’ म्हणतात. त्याच्या पाच भागांपैकी शेवटचा भाग म्हणजे यात्रेकरूंसाठीचे मार्गदर्शक. एमेरी पिको नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने ते लिहिले असावे, असे परंपरेने मानले जाते. काळ साधारण ११४० च्या आसपासचा.

या पुस्तकात अकरा प्रकरणे आहेत. फ्रान्समधून येणारे चार मार्ग पुएन्ते ला रेइना या गावी एक होतात, हे सांगून ते सुरू होते. मग मुक्कामांची यादी, वाटेवरील गावे, धर्मशाळा, ज्यांनी रस्ता दुरुस्त केला त्यांची नावे. आणि नद्या! कोणत्या नदीचे पाणी गोड आणि कोणत्या नदीचे घातक, यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. खाऱ्या पाण्याच्या एका नदीकाठी नाबारा प्रांतातील दोन माणसे सुऱ्या पाजळत बसलेली असतात. घोड्यांना हे पाणी चालेल का, असे लेखक विचारतो. ते ‘चालेल’ म्हणतात. घोडी पाणी पिऊन तिथेच मरतात आणि ती माणसे त्यांची कातडी सोलायला लागतात. पुढच्या प्रकरणात नावाडी येतात. ते होडीत मुद्दाम जास्त माणसे भरतात, होडी उलटली की बुडालेल्यांचे सामान लुटतात. नाबारातील लोकांविषयी लेखक इतके विखारी लिहितो की ते पुस्तक यात्रेचे आहे याचाच क्षणभर विसर पडतो. आणि तरीही याच प्रकरणात त्याने बास्क भाषेतील काही शब्द टिपून ठेवले आहेत : देव, भाकरी, दारू, पाणी. प्रवासी शब्दसंग्रहाचा हा फार जुना नमुना आहे. ज्यांची निंदा करायची त्यांच्याकडेच भाकरी मागायची वेळ येणार, हे त्याला ठाऊक होते!

म्हणजे या पुस्तकाच्या मुळाशी भय आहे. परक्या मुलखाचे, परक्या भाषेचे, फसवणुकीचे भय. वाचक परका आहे आणि त्याला सुखरूप पोहोचवायचे आहे, हे गृहीत धरून प्रत्येक वाक्य लिहिले गेले आहे. आजचे मार्गदर्शक पुस्तकही बव्हंशी याच गृहीतावर उभे असते. पाणी कोणते प्यावे आणि टॅक्सीवाला किती मागेल, हे त्यात आधी येते.

आता ‘स्थानपोथी’कडे वळू. मुनिव्यासांच्या नावावर असलेली ही पोथी चौदाव्या शतकातील आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित करून अभ्यासकांना उपलब्ध करून दिली. चक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, त्या गावात ते नेमके कुठे राहिले, कुठे बसले, कुठे जेवले, कुठे निजले, त्या प्रत्येक जागेची ही नोंद आहे. इथेही यात्रा आहे, यात्रेकरू आहे. पण भय नाही. पाणी कसे आहे, चोर कुठे आहेत, मुक्कामाला काय खर्च येईल, यांची चिंता पोथीला नाही. गावात शिरल्यापासून जागेपर्यंत कसे पोहोचायचे, एवढेच तिला सांगायचे आहे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, दारवंठ्यातून आत आल्यावर पटिशाळ कोणत्या हाताला, जगतीच्या खाली काय, पौळीच्या आत काय, आणि त्या सगळ्यात गोसावियांचे आसन नेमके कोणत्या कोपऱ्यात. आठ दिशा आणि देवळाच्या अवयवांची नावे, एवढ्या भांडवलावर या पोथीचे गद्य चालते.

पोथीची परिभाषाही पाहण्यासारखी आहे. जिथे अधिक दिवसांचा मुक्काम झाला ते ‘अवस्थान’; जिथे रात्रीपुरते थांबले ती ‘वसति’; जेवणाची जागा ‘आरोगणा’ची; बसण्याची ‘आसना’ची; शौचाला गेले तीही जागा ‘परिश्रय’ म्हणून नोंदलेली. वर्गात हे शिकवताना विद्यार्थी हसतात. हसू द्यावे, आणि मग विचारावे, की एखाद्या पुरुषाच्या देहाचा स्पर्श जिथे जिथे झाला ती प्रत्येक जागा वंदनीय आहे असे एकदा मानले, तर यातली कोणती जागा वगळायची आणि कोणत्या तर्काने? पोथीने वगळले नाही. एवढा सुसंगत तर्क भल्याभल्या मार्गदर्शक पुस्तकांत आढळत नाही.

तर मग भय नाही, तर या पोथीच्या मुळाशी काय आहे? त्यासाठी तिचा काळ पाहावा लागतो. चक्रधरांच्या गमनानंतर म्हाइंभटांनी साक्षीदारांना विचारून विचारून लीळा गोळा केल्या. मग १२९६ मध्ये देवगिरीवर अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली, पुढे १३१८ पर्यंत यादवांची सत्ता पूर्ण संपली, १३२७ च्या सुमारास तुघलकाने दौलताबादला राजधानी आणली. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रतच ‘खालशाच्या धाडी’त नष्ट झाली आणि पाठ असलेल्या लीळांवरून तो ग्रंथ पुन्हा जुळवावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले होते ती पिढी संपली होती. लीळा पुन्हा लिहिता आली. पण ‘तो सोंडेकडचा ओटा’ किंवा ‘ती उत्तरेची पटिशाळ’ बोट करून दाखवणारा माणूस गेला, की जागा कायमची जाणार होती. लॅटिन पुस्तकाला वाट चुकण्याची धास्ती आहे. मराठी पोथीला विस्मरणाची आहे. तिचा वाचक परका नाही. त्याला भाषा येते, भिक्षा कशी मागायची ते येते, गाव कुठे आहे तेही ठाऊक आहे. फक्त गावातली ती हातभर जागा त्याला ठाऊक नाही.

या पोथीला नकाशा नाही, हे खरे. पण नकाशा म्हणजे काय, हे आपण पाश्चात्त्य पद्धतीवरून ठरवून बसलो आहोत. १५७७ मध्ये स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याच्या दरबारातून मेक्सिको आणि इतर अमेरिकी वसाहतींकडे पन्नास प्रश्नांची एक प्रश्नावली गेली. गावाचे नाव काय, पाणी कुठून येते, जुन्या काळी कोणाचा अंमल होता, असे प्रश्न होते. गावाचे चित्र काढून पाठवावे, अशीही मागणी होती. अनेक गावांत ते काम स्थानिक मूलनिवासी चित्रकारांकडे गेले, आणि त्यांनी आपल्या परंपरेप्रमाणे रस्ता दाखवण्यासाठी पावलांचे ठसे काढले. माद्रिदमधील अधिकाऱ्यांना अंतर आणि प्रमाण हवे होते. त्यांच्या हाती आली चालून गेलेल्या माणसांची पावले. ते नकाशे पाहताना मला ‘स्थानपोथी’ आठवते. रस्ता म्हणजे कोणीतरी चालले ती जागा, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. फरक इतकाच की तिथे चित्र आहे आणि इथे वाक्य.

नांदेड-लातूरच्या वाचकाला या पोथीपरंपरेचा आणखी एक पदर जवळचा वाटावा. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलखात जाऊ नये, महाराष्ट्रात राहावे, अशी आज्ञा केली होती, हे सर्वपरिचित आहे. तिचा उपयोग आपण बहुधा मराठी अभिमानाचे प्रमाणपत्र म्हणून करतो. प्रत्यक्षात ती प्रवासाची आज्ञा आहे, आणि तिचे कारण वैराग्याचे आहे : त्या देशांत विषय फार आणि साधूचा मान फार, म्हणून साधकाने तिकडे फिरकू नये. पण आज्ञेचा अर्थ व्यवहारात आणायचा तर सीमा कुठे, हे कळावे लागते. आणि ती सीमा आपल्याच दोन जिल्ह्यांत विरघळते. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच सौद्यात ऐकू येतात. उदगीर-निलंग्याकडे कानडीचे शब्द घरातल्या बोलीत आहेत. इथला साधक महाराष्ट्रात आहे की बाहेर, हे नकाशावरच्या रेषेने ठरत नव्हते. भिक्षा मागताना समोरची बाई कोणत्या भाषेत उत्तर देते, यावरून ठरत असणार. ॲन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) या ग्रंथात महाराष्ट्र हा ‘प्रदेश’ म्हणून कसा कल्पिला गेला याची चर्चा यात्रांच्या आणि महानुभाव साहित्याच्या आधारे केली आहे. मराठवाड्यातील मराठी विभागांत तो ग्रंथ भूगोलाचा म्हणून बाजूला ठेवला जाऊ नये.

आणि माहूर! नांदेड जिल्ह्यातील एकच डोंगररांग; पण तुमच्या हातात कोणते पुस्तक आहे त्यावर तिथे काय दिसणार हे ठरते. साडेतीन पीठांची माहिती देणारी पुस्तिका रेणुकेच्या पायऱ्या चढवते. दत्तभक्ताचे पुस्तक दत्तशिखर आणि अनसूयेकडे नेते. किल्ल्यांचे पुस्तक रामगड दाखवते, लेण्यांचे पुस्तक पांडवलेणी. महानुभाव यात्रेकरू मात्र देवदेवेश्वराकडे जातो, कारण त्याच्या परंपरेत पंचकृष्णांपैकी दत्तात्रेय प्रभू इथले, आणि फलटणच्या चांगदेव राउळांना शक्तीचा स्वीकार झाला तोही इथेच. हे पाचही प्रवासी एकाच बसने येतात, एकाच हॉटेलात चहा पितात आणि पाच निरनिराळी माहूरे पाहून परततात. मार्गदर्शक पुस्तक निवडताना आपण आवृत्ती, किंमत, नकाशांची छपाई पाहतो. पण प्रत्यक्षात आपण निवडतो ते कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे, हे.

हेच स्पेनच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकात घडले. रिचर्ड फोर्ड नावाचा इंग्रज गृहस्थ १८३० ते १८३३ या काळात स्पेनमध्ये राहिला, घोड्यावरून हिंडला आणि १८४५ मध्ये लंडनच्या जॉन मरे यांच्याकडून त्याचे स्पेनचे ‘हँडबुक’ दोन खंडांत, हजारावर पानांचे, प्रसिद्ध झाले. त्याआधीची एक छपाई भाषा फार झोंबरी आहे म्हणून मागे घ्यावी लागली होती. फोर्डला आत्मलोप मुळीच साधला नाही, आणि त्यामुळेच ते पुस्तक आजही वाचले जाते. पण त्या पुस्तकाने दोन-तीन पिढ्यांच्या इंग्रजी वाचकांसाठी स्पेन कसा दिसावा हेही ठरवून टाकले. याच मरे यांनी १८५९ मध्ये ईस्टविकने लिहिलेले भारताचे ‘हँडबुक’ काढले, त्यात मुंबई आणि मद्रास इलाखे आले. पुढे अशा पुस्तकांची रचना रेल्वेच्या मार्गांना धरून होऊ लागली, आणि जे गाव मार्गावर नाही ते पानावरही मागे पडले. निजामाच्या राज्यातील हैदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडवरून धावू लागली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेचा चिंचोळा रूळ पोहोचला तो १९११ मध्ये. मराठवाडा म्हणजे वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि फार तर नांदेडचा गुरुद्वारा, हे समीकरण अजूनही पुसले गेलेले नाही. राष्ट्रकूट ज्या लट्टलूरचे स्वामी म्हणवून घेत ते लातूर, औशाजवळची खरोसा लेणी, कंधारचा किल्ला, देगलूरजवळची होट्टलची देवळे यांना सर्वसाधारण मार्गदर्शकांत मिळतात त्या दोन-चार ओळी.

मोजणीच्या नकाशांचे मात्र तसे नव्हते. त्यांनी आपला प्रदेश वगळला नाही. पण त्यांना हवे होते ते वेगळेच. कर्नल लॅम्टनच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची बीदरजवळची आधाररेषा १८१५ मध्ये मोजली गेली. तिथून उत्तरेला एलिचपूरकडे निघालेली त्रिकोणांची साखळी आजच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील अंगाने जाते. लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. या साखळीला टेकडी हवी होती ती दुर्बीण रोखण्यापुरती. टेकडीवर कोणता देव बसतो, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांत लातूर ५६ बी या अंशपत्रकात येते आणि नांदेड ५६ ई मध्ये. ही पत्रके सामान्य माणसाला मिळवणे दीर्घकाळ कटकटीचे होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते सोपे झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा ही पत्रके हाती घेऊन पोथीतली गावे त्यांवर शोधावीत. गाव सापडते, ओढा सापडतो, देऊळही सापडते. पटिशाळ सापडत नाही.

ती सापडायची तर ‘स्थानपोथी’सारखेच काहीतरी लागते, आणि हे केवळ चौदाव्या शतकापुरते खरे नाही. चक्रधर पैठणहून नेवाशाकडे गोदाकाठाने गेले, त्या पट्ट्यात १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरला आहे. शंभरावर गावे पाण्याखाली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने कोसळला. त्यानंतर कित्येक गावे जुन्या जागेवरून उठून नव्या, सरळ रेषांच्या आखणीत वसवली गेली. जुन्या गावठाणाची हद्द सरकारी कागदावर आहे. पण गढीच्या कोणत्या अंगाला कोणाचा वाडा होता, माळवदावर झोपणाऱ्यांना कोणती बोळ दिसे, पारावर कोण कुठे बसे, हे हद्दीच्या कागदावर नसते. मुनिव्यासांनी याच प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले होते.

नांदेडात ही पद्धत आजही जिवंत आहे, फक्त ती वेगळ्या परंपरेत आहे. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान इथे १७०८ मध्ये झाले. सचखंडचा गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांच्या काळात उभा राहिला. पण पंजाबातून येणारा यात्रेकरू तेवढ्यावर थांबत नाही. तो नगीनाघाट, हिराघाट, शिकारघाट, बंदाघाट, माळटेकडी असा फिरतो. प्रत्येक जागा एकेका प्रसंगाची आहे : इथे रत्न नदीत टाकले, इथे शिकार झाली, इथे बंदासिंग भेटले. गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील पुस्तिका या जागा प्रसंगानुसार सांगतात. प्रसंग आधी, पत्ता नंतर. नांदेडचा मराठी विद्यार्थी या घाटांवरून रोज ये-जा करतो आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘स्थानपोथी’वर टीप लिहितो, या दोन गोष्टी एकाच जातीच्या आहेत, हे त्याच्या उत्तरपत्रिकेत क्वचितच उतरते.

जाता जाता एक. सान्तियागोच्या कॅथेड्रलमधून तो ‘कोडेक्स कालिक्स्तिनुस’ जुलै २०११ मध्ये चोरीला गेला. वर्षभराने तो सापडला एका गॅरेजमध्ये; चोर निघाला कॅथेड्रलमध्येच पूर्वी विजेची कामे करणारा माणूस. नद्या, नावाडी आणि नाबारातले लोक यांच्यापासून सावध राहायला सांगणाऱ्या त्या पुस्तकाला देवळाच्या आतल्या माणसाविषयी मात्र सूचना द्यायची राहून गेली होती.